ताप का उतरला नाही?

तिसऱ्या दिवशीही ताप उतरलेला नाही. आई मुलाला घेऊन पुन्हा उपकेंद्राच्या ओट्यावर बसली आहे. परवा बोटातून रक्ताचा थेंब घेऊन किटवर हिवताप निघाला, ‘आशा’ताईनं वय विचारून गोळ्यांची स्ट्रिप काढली आणि पहिला डोस समोर बसवून गिळायला लावला. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या स्ट्रिपांचे रंग ठरलेले आहेत. वर्षाच्या आतल्या बाळाला गुलाबी, १ ते ४ वर्षांना पिवळी, ५ ते ८ ला हिरवी, ९ ते १४ ला लाल आणि पुढं सगळ्यांना पांढरी. अक्षर न वाचता येणाऱ्यालाही चुकता येऊ नये इतकी साधी व्यवस्था. तरीही अंग तापलेलंच आहे.

आता संशय कुणावर घ्यायचा? जंतू औषधाला बधेनासा झाला असेल. गोळीत औषधच नसेल, किंवा असून कमी असेल. गोळी चांगली असेल, पण अंगापिंडानं थोराड असलेल्या या पोराला वयाप्रमाणे मिळालेला डोस पुरला नसेल. घरी गेल्यावर त्यानं दुसरी गोळी ओकून टाकली असेल आणि मार पडेल म्हणून कुणी ते सांगितलं नसेल. किंवा गोळीनं आपलं काम चोख केलं असेल आणि आजचा ताप दुसऱ्याच कशाचा असेल. ओट्यावरून या सगळ्या शक्यता सारख्याच दिसतात. रजिस्टरमध्ये मात्र एकच शेरा पडतो: उपचाराला प्रतिसाद नाही.

पुढच्या पानांतला सगळा पसारा या शेऱ्याभोवतीचा आहे. संसर्गजन्य रोगांच्या माहितीचा अभ्यास आणि औषधांच्या प्रतीचा अभ्यास ही विद्यापीठांत दोन वेगळी दालनं आहेत. त्यांच्या परिषदा वेगळ्या आणि नियतकालिकंही वेगळी. पण तापलेल्या पोराच्या बाजूनं पाहिलं तर ती एकाच घराची दोन दारं आहेत. जंतू बंडखोर झालाय असं म्हणण्याआधी गोळी अस्सल होती का हे बघावं लागतं, आणि गोळी वाईट होती असं म्हणण्याआधी रक्तातला जंतू नीट मोजला होता का हे बघावं लागतं. ही दोन्ही कामं एकाच माणसाला येत नाहीत. म्हणून हे क्षेत्र मुळात एकमेकांच्या वह्या मागणाऱ्या माणसांचं आहे, आणि वही देणं किती जिवावर येतं हे शाळेत गेलेल्या प्रत्येकाला माहीत असतं.

आधी आकडा कसा जन्माला येतो ते बघू. शोधनिबंधात ‘दर मायक्रोलिटर रक्तात १२,४०० परजीवी’ असं काहीतरी छापलेलं असतं. वाचणाऱ्याला वाटतं, यंत्रानं सांगितलं. मला काचपट्टी वाचायला शिकवलं त्या तंत्रज्ञ बाईंचा उजवा हात सूक्ष्मदर्शकाच्या फोकसवर असे आणि डाव्या हाताखाली दोन काउंटर. पांढरी पेशी दिसली की एकावर टक, परजीवी दिसला की दुसऱ्यावर टक. तेलाचा थेंब, शंभराचं भिंग, रक्ताचा जाड थर, एकामागून एक क्षेत्र. दोनशे पांढऱ्या पेशी होईपर्यंत मान वर करायची नाही. मग परजीवींच्या संख्येला चाळीसनं गुणायचं. चाळीस का, तर एका मायक्रोलिटर रक्तात ८,००० पांढऱ्या पेशी असतात असं धरायचं आणि ८,००० भागिले २०० म्हणजे चाळीस. आता सगळ्यांच्या रक्तात ८,००० नसतात, हे त्या बाईंनाही ठाऊक होतं आणि जागतिक आरोग्य संघटनेलाही आहे. पण सगळीकडे एकच गृहीतक धरलं तर निदान आकडे एकमेकांशेजारी ठेवता येतात. त्या बाई रंगाच्या कामात फार कडक होत्या. रंगद्रव्याचा कण आणि परजीवीचं केंद्रक यात गल्लत झाली की निरोगी माणूस आजारी ठरतो. रंग गाळल्याशिवाय त्या पट्टीला हात लावू देत नसत.

अशा लाखो टकटकींवर हिवतापाचं औषधशास्त्र उभं आहे. रुग्णाला औषध दिल्यावर २८ किंवा ४२ दिवस त्याच्या मागं राहायचं, ठरलेल्या दिवशी त्याच्या रक्ताची पट्टी करायची, जंतू परत दिसला तर तो जुनाच डोकं वर काढतोय की नव्या डासानं दिलेला नवा आहे हे जनुकांवरून ओळखायचं. मधल्या काळात रुग्ण ऊसतोडीला किंवा जंगलात निघून गेला तर तेही लिहायचं. कुठल्याही अभ्यासातली सर्वांत प्रामाणिक ओळ मला हीच वाटते: इतके जण पुन्हा आले नाहीत.

आता गोळीकडे वळतो, आणि इथं जरा रेंगाळणार आहे, कारण या क्षेत्रातली सर्वांत विलक्षण कथा गोळीची आहे.

विसाव्या शतकाच्या शेवटाला आग्नेय आशियात क्लोरोक्विन निकामी झालं होतं आणि भिस्त होती आर्टेसुनेटवर. चीनमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या गुप्त ‘प्रकल्प ५२३’मधून तू यूयू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका वनस्पतीतून आर्टेमिसिनिन वेगळं काढलं, त्याचं हे भावंड. यासाठी तू यूयूंना २०१५ साली नोबेल मिळालं. औषध इतकं गुणी की गावोगावच्या दुकानांत त्याला मागणी आली, आणि मागणीच्या मागोमाग नकल आली. लाओसची राजधानी विएंतियान इथल्या महोसोत रुग्णालयात काम करणारे ब्रिटिश डॉक्टर पॉल न्यूटन आणि त्यांचे सहकारी यांनी कंबोडिया, लाओस, म्यानमार, थायलंड आणि व्हिएतनाममधल्या दुकानांतून ही पाकिटं विकत घेतली. २००१ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी छापलं की १०४ नमुन्यांपैकी ३८ टक्क्यांत आर्टेसुनेटचा कणही नव्हता.

तपासणीची पहिली पद्धत अगदी घरगुती वाटावी अशी होती. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातले रसायनशास्त्रज्ञ मायकेल ग्रीन यांनी ती बसवली होती. गोळीचा चिमूटभर चुरा घ्यायचा, त्यावर रसायन घालायचं, पिवळा रंग आला तर आर्टेसुनेट आहे. नकली माल करणाऱ्यांना यावरही तोड सापडली. पुढच्या काही बनावट गोळ्यांत थोडंसं खरं आर्टेसुनेट मिळालं; अस्सल गोळीत ५० मिलिग्रॅम, तर यांत फार तर १२. रंग पिवळा येतो आणि रुग्णाचा हिवताप मात्र बरा होत नाही. जंतूंना मरण्याइतकं नाही, फक्त ओळख करून घेण्याइतकं औषध मिळतं. नुसत्या खडूच्या गोळीपेक्षा मला ही गोळी जास्त भयंकर वाटते.

अस्सल पाकिटावर चीनच्या ग्विलिन शहरातल्या कंपनीचा होलोग्राम होता. नकली पाकिटांवरही होलोग्राम आले, आणि अभ्यासकांनी त्यांचे तब्बल सोळा प्रकार वेगळे काढले. काही इतके हुबेहूब की भिंगाशिवाय फरक कळू नये. मग पोलिसांची इंटरपोल, जागतिक आरोग्य संघटनेचं पश्चिम प्रशांत कार्यालय आणि हे शास्त्रज्ञ एकत्र बसले. पाच ठिकाणांहून जमवलेल्या ३९१ नमुन्यांपैकी १९५ बनावट निघाले. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये फाकुंदो फर्नांदेझ यांनी वस्तुमान वर्णपटमापीनं त्यांचं पोट फाडलं, तर आत काय काय: क्लोरोक्विन, बंदी घातलेली औषधं, ‘एक्स्टसी’ या नशेच्या गोळीचा कच्चा माल. न्यूझीलंडचे परागतज्ज्ञ डॅलस मिल्डनहॉल यांनी तर गोळ्यांत अडकलेले परागकण शोधले. कारखान्याच्या खिडकीतून वारा येतो, वाऱ्याबरोबर बाहेरच्या झाडांचा पराग येतो, तो गोळीत दाबला जातो आणि पाच वर्षांनी सूक्ष्मदर्शकाखाली साक्ष देतो. पराग, आणि गोळीत घातलेल्या कॅल्साइटचा प्रकार, दोघांनी बोट दाखवलं दक्षिण चीनकडे. हा पुरावा चिनी अधिकाऱ्यांपुढं ठेवला गेला, त्यांनी तपास केला आणि २००६ साली युनान प्रांतात अटका झाल्या. एकावर २,४०,००० बनावट पाकिटांच्या व्यापाराचा आरोप होता. २००८ साली ही सगळी हकिकत ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये आली. लेखकांच्या यादीत डॉक्टर, रसायनशास्त्रज्ञ, परागतज्ज्ञ आणि पोलीस एका ओळीत बसलेले आहेत. वैद्यकाच्या मासिकात असं संमेलन क्वचितच भरतं.

पण याच मंडळींनी स्वतःच्या आकड्यांवर घेतलेला संशय मला त्या तपासाइतकाच मोलाचा वाटतो. विकत घेणारा माणूस ओळखीच्या, बदनाम दुकानातच गेला तर नकली माल जास्तच दिसणार. म्हणून लाओसमध्ये चिठ्ठ्या टाकाव्यात तशी १८० दुकानं निवडून पुन्हा खरेदी झाली. आर्टेसुनेट मिळालं २५ दुकानांत, आणि त्यांतल्या २२ दुकानांतलं बनावट होतं. आता बातमी काय द्यायची? पंचविसांतली बावीस म्हणजे ८८ टक्के. एकशे ऐंशींतली बावीस म्हणजे जेमतेम १२. दोन्ही खरं आहे. पहिला आकडा गोळी मागणाऱ्या रुग्णाच्या कामाचा, दुसरा निरीक्षकांची गाडी कुठं पाठवायची हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या. भाजकात कोण बसलंय हे विचारल्याशिवाय टक्केवारीवर विश्वास ठेवू नये, हे नव्या वाचकानं इथंच शिकून घेतलेलं बरं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या तपासण्यांची बेरीज करून १०.५ टक्के औषधं निकृष्ट किंवा बनावट असल्याचं सांगितलं, तेव्हा ‘दहात एक’ असा मथळा सगळीकडे गेला. त्या बेरजेतही कुणी कुठल्या दुकानातून काय उचललं हा प्रश्न शिल्लक राहतोच.

‘निकृष्ट किंवा बनावट’ हे दोन शब्द मी मुद्दाम वेगळे ठेवले. बोलताना आपण सगळ्याला ‘डुप्लिकेट औषध’ म्हणून मोकळे होतो. बनावट म्हणजे फसवण्याच्या हेतूनं केलेलं. निकृष्ट म्हणजे परवानाधारक कारखान्यातून हलगर्जीपणानं, कंजुषीनं किंवा वाटेत उन्हात राहून बिघडलेलं. आपल्या १९४० च्या कायद्यातही बनावट, भेसळीचं आणि अप्रमाणित असे भेद आहेत. हा शब्दच्छल नव्हे, कारण पहिल्याला पोलीस लागतात, दुसऱ्याला चांगला कारखाना-निरीक्षक. एक तिसरा गोंधळही होता. ‘काउंटरफीट’ हा शब्द मुळात व्यापारचिन्हाच्या भांडणातला. २००८-०९ मध्ये भारतात बनलेली, ब्राझीलसारख्या देशांकडे निघालेली चांगली जेनेरिक औषधं नेदरलँड्समध्ये पेटंटच्या नावाखाली अडवली गेली, आणि भारत व ब्राझील ते प्रकरण जागतिक व्यापार संघटनेत घेऊन गेले. स्वस्त औषध म्हणजे नकली औषध, असा समज कुणाच्या फायद्याचा आहे हे तेव्हा आपल्याकडे नीट उमगलं. अखेर २०१७ मध्ये जागतिक आरोग्य सभेनं तो शब्दच बाजूला ठेवला.

निकृष्ट औषधाची ओळख महाराष्ट्राला फार महागात पडून झाली आहे. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण मूत्रपिंडं निकामी होऊन दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक विष होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं खरेदी, तपासणी आणि परवान्यांची साखळी कडी-कडीनं उलगडून दाखवली. हेच विष १९३७ साली अमेरिकेत एका सल्फा औषधाच्या काढ्यात होतं आणि शंभरावर माणसं गेली होती. ते जगाला तेव्हापासून ठाऊक आहे. तरी २०२२ मध्ये गांबियात मुलं गेली, आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याहून नागपूरच्या रुग्णालयांत आणलेली चिमुरडी खोकल्याच्या औषधानं गेली. तमिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाच्या तपासणीत त्या औषधात हे विष ४८.६ टक्के निघालं. परागकण-तज्ज्ञाची इथं गरजच नव्हती. कच्च्या मालाच्या पिंपातून एक नमुना काढून तपासायचा होता.

औषध निरीक्षक दुकानातून नमुना घेतो तेव्हा कायद्याप्रमाणे त्याचे चार भाग करून मोहोरबंद करतो. एक दुकानदाराला, एक शासकीय विश्लेषकाला, एक कोर्टासाठी आणि एक ज्याच्याकडून माल आला त्याच्यासाठी. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला कागदी घोडे वाटले. आता वाटतं, या क्षेत्रातल्या भांडणांचं इतकं समंजस उत्तर दुसरीकडे क्वचितच सापडेल. संशयित, तपासणारा आणि न्याय देणारा, सगळ्यांच्या हातात एकच पुरावा.

रुग्णांच्या माहितीबाबत असं काही फार काळ नव्हतं. एका देशात दोनशे रुग्णांचा अभ्यास व्हायचा, निबंध छापून यायचा, आणि मूळ वही संशोधकाच्या कपाटात राहायची. दोनशे रुग्णांत औषध ९६ टक्के गुणकारी दिसतं. उरलेल्या आठांत साम्य काय हे आठांवरून कळत नाही. २००९ मध्ये ऑक्सफर्डला केंद्र ठेवून हिवतापाच्या औषध-प्रतिकाराचं जागतिक जाळं सुरू झालं ते यासाठी, आणि त्यातून पुढं हिवतापापलीकडच्या रोगांसाठीही माहितीचं भांडार उभं राहिलं. प्रमुख फिलिप गेरँ हे साथरोगतज्ज्ञ, ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या वर्तुळातून आलेले. छावणीतल्या तंबूत वह्या भरलेल्या माणसानं वह्यांचं भांडार काढावं हे मला शोभून दिसतं.

वह्या आल्या की खरं काम सुरू होतं, आणि ते अतिशय कंटाळवाणं असतं. एकानं वय महिन्यांत लिहिलंय, एकानं वर्षांत. एकानं ताप सेल्सिअसमध्ये मोजलाय, दुसऱ्यानं फॅरनहाइटमध्ये. कुणाचा ५/६ म्हणजे पाच जून, कुणाचा सहा मे. वजनाच्या रकान्यात ९९ म्हणजे क्विंटलभराचं पोर नव्हे, ‘वजन घेतलेलं नाही’. हे सगळं एका साच्यात आणणारी माणसं बहुधा निबंधाच्या लेखकयादीत शेवटी, कधी नुसती आभारांत असतात. माझ्या हातात असतं तर मी त्यांना पहिल्या पंगतीला बसवलं असतं. अशाच जुळवणीतून २६ अभ्यासांतले ७,०७२ रुग्ण एकत्र आले आणि दिसलं की डायहायड्रोआर्टेमिसिनिन-पिपेराक्विन हे औषध १ ते ५ वर्षांच्या मुलांत जास्त वेळा अपयशी ठरतं, कारण वजनाच्या मानानं त्यांना औषध कमी मिळतं. हे २०१३ साली छापलं गेलं, आणि २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं २५ किलोखालच्या मुलांचा डोस वाढवला. एकाही नव्या रुग्णाच्या बोटाला सुई न टोचता. ओट्यावरच्या त्या पोराचा तिसरा संशयित, डोस, असा पकडला गेला.

आणि दुसरा संशयित जवळपास निसटला होता ते काला आजारात. बिहार, बांगलादेशात या रोगावर तोंडानं घ्यायचं मिल्टेफोसिन आलं तेव्हा मोठा दिलासा वाटला होता. २००८ साली बांगलादेशात रुग्ण बरे होईनात. कॅप्सूल तपासल्या तर त्यांत मिल्टेफोसिनच नव्हतं. कुणी कॅप्सूल फोडली नसती तर त्या रुग्णांची नोंद ‘प्रतिकार’ म्हणून झाली असती आणि एक चांगलं औषध बदनाम होऊन बाजूला पडलं असतं.

मात्र वह्या मागणाऱ्याच्या हेतूवर शंका घेणाऱ्याला मी खलनायक ठरवणार नाही. २००७ च्या सुरुवातीला इंडोनेशियानं बर्ड फ्लूच्या विषाणूचे नमुने देणं थांबवलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: नमुने आमचे, लस परदेशी कंपनीची, आणि साथ आली की ती आम्हाला परवडणार नाही. त्यावर चार वर्षं वाटाघाटी होऊन २०११ मध्ये नमुने आणि लाभ दोन्हींच्या वाटणीची जागतिक चौकट झाली. उन्हातान्हात रक्त गोळा करायचं पाटण्याच्या किंवा गडचिरोलीच्या माणसानं आणि पृथक्करण करून नाव मिळवायचं थंड हवेच्या विद्यापीठानं, हे जुनं दुखणं आहे. वही देणाऱ्याला विश्लेषणाच्या टेबलावर खुर्ची मिळते का, हे प्रत्येक लेख वाचताना वाचकानं तपासावं.

यातलं काहीच आपल्या मुलखाला नवीन नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत गाठी आलेला ताप प्लेगचा आहे हे ओळखलं मूळच्या गोव्यातल्या हडफड्याच्या डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी. काही महिन्यांत वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात टोचलेले आणि न टोचलेले कैदी समोरासमोर ठेवून आकडे मांडले. त्या कैद्यांच्या संमतीचं काय, हा प्रश्न आज आपण विचारू, आणि विचारायलाच हवा. पाच वर्षांनी, ३० ऑक्टोबर १९०२ ला, पंजाबातल्या मलकोवाल गावी १०७ जणांना लस दिली गेली. त्यांतली १९ माणसं धनुर्वातानं मेली. खापर लस बनवणाऱ्या मुंबईच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिनांवर फुटलं, त्यांना कामावरून दूर केलं गेलं.

सगळे एकोणीस जण पाच बाटल्यांपैकी एकाच बाटलीतले होते, क्रमांक ५३-एन. हे कळलं, कारण बाटलीवर क्रमांक होता आणि कुणाला कुठल्या बाटलीतून टोचलं ते गावातल्या कागदावर उतरवलेलं होतं. पुढं साक्षींच्या कागदांत आणखी एक गोष्ट सापडली: बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो धड निर्जंतुक न करता पुन्हा वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी १९०७ च्या जुलैत लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहिलं, आणि त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले. परळच्या त्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं १९२५ साली. पुढचा पहिला लेख ५३-एन या बाटलीचा आहे.